वही येईपर्यंत

शिडी मी धरली होती म्हणून मला हलता आलं नाही. नाहीतर तो बोर्ड भिंतीवर चढतोय तोवर मी ट्रॉली घेऊन कधीच सटकलो असतो. पेंटर वर, त्याच्या बुटाचा तळ माझ्या नाकासमोर, आणि त्याच्या हातात तो भलामोठा पांढरा फळा. त्यावर सात देशांची नावं आणि प्रत्येक नावासमोर एक निळा पट्टा. कुणाचा लांबलचक, कुणाचा मध्यम. सगळ्यात खाली आपला. बोटाच्या दोन पेरांएवढा. वर ठळक लिहिलेलं, वर्षाच्या आत दगावणारी बाळं, दर हजारी. आपल्यासमोर तीन. पेंटरनं खिळा ठोकता ठोकता खाली बघितलं. ‘काका, आपला एवढासाच का? हरलो का आपण?’ मी म्हटलं, ‘नाही रे बाबा, यात जो बुटका तो पहिला.’ ‘मग मी जन्मापासून पहिलाच म्हणायचा,’ तो म्हणाला. उंचीनं बेताचाच होता गडी. मी हसलो. हसू तोंडावर होतं तेवढ्यात मागून आवाज आला, ‘बाबा.’ माझी लेक. तपासणीला आली होती, हातात फाइल, दुसरा हात पोटाखाली, आठव्या महिन्यात बायका धरतात तसा. ती माझ्याकडे बघतच नव्हती. बोर्डाकडे बघत होती. तिचा नवरा ज्या देशात क्रेन चालवतो त्या देशाच्या नावावर तिनं खालूनच बोट रोखलं, तिथून पट्ट्यावरून हळूहळू सरकत टोकाला नेलं. सात. मग खाली आली. तीन. ‘सातातून तीन गेले चार,’ ती म्हणाली. ‘हजारात चार जास्त, बाबा. त्या चारांत माझं असलं तर? मी नाही जात शुक्रवारी. इथंच होऊ दे माझं. आईजवळ.’ आणि असं हसली, जसं डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतलं. माझे हात शिडीवर होते. ते सुटले असतील, कारण पेंटर वरून ओरडला, ‘ओ काका! मारता काय मला!’

लेक आत गेली, मी तिथंच उभा. शुक्रवारचं विमान, आज बुधवार. त्यानंतर तिचे दिवस इतके भरत आलेले की विमानवाले चढू देणार नाहीत. म्हणजे जे बोलायचं ते दोन दिवसांत. आणि बोलायचं काय? की पोरी, त्या तीनावर जाऊ नकोस, तो तीन मी ढकललाय?

चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. या हॉस्पिटलात ट्रॉली ढकलायला लागून तेहतीस वर्षं झाली. सगळे मला चाकं म्हणतात. ‘चाकं कुठायत रे?’ अशी हाक आली की मी निघतो. पेशंट, चादरी, ऑक्सिजनची नळकांडी, काय म्हणाल ते. आणि बाळंतपणाच्या वॉर्डातून तळघरात जायचं ते हिरव्या कापडातलं लहान बोचकं. तेही माझ्याकडेच. आता ऐका, तिथं काय पद्धत होती. जन्माची वही रोज सकाळी आठला खालच्या ऑफिसातून यायची. मोठी सिस्टर खुर्ची ओढून बसायची, चहा घ्यायची, आणि काल सकाळपासून जे जे जन्मलं ते एका बैठकीत लिहून काढायची. जे त्या घडीला श्वास घेत होतं ते निळ्या वहीत. जे घेत नव्हतं ते करड्या वहीत, म्हणजे मेलेलंच जन्मलं. आता एखादं दुपारी दोनला आलं, रडलं, सगळ्या वॉर्डानं ऐकलं, आणि संध्याकाळी गेलं, तर ते कुठं? करड्या. वही येईपर्यंत राहिलं नाही ना. असा कुणी हुकूम काढला नव्हता. वाईट माणसंही नव्हती ती. मोठी सिस्टर तर माझ्या तापात स्वतःच्या डब्यातली भाजी मला द्यायची. पण निळ्या वहीतलं बाळ दगावलं की चार कागद, दोन डॉक्टरांच्या सह्या, वर चौकशी, कुणाची चूक, का चूक. करड्या वहीत एक ओळ. सवय लागली. माणसाला कशाचीही लागते. मग वह्या गेल्या, कम्प्युटर आला. पण जन्माचं पान तोही आठलाच उघडतो. गेल्या महिन्यात एक नेलं मी. रडणं मी पॅसेजमध्ये ऐकलं होतं. बारीक, मांजरीच्या पिल्लासारखं, आणि त्यात एक चिडकेपणा होता, जागेवरून उठवल्यासारखा. संध्याकाळी हाक आली, चाकं कुठायत.

आणि भीती त्याचीही नाही. खोटं लिहिलं तर लिहिलं, कागदाला काय दुखतंय. भीती पुढं आहे. जे करड्या वहीत जाणार असं एकदा सगळ्यांच्या मनानं घेतलं, त्याच्यामागे धावणार कोण? मी पाहिलंय. लहान असलं, दिवसांआधी आलं, निळसर पडलं, की सिस्टर एकदा घड्याळाकडे बघते. नुसती बघते. हातपाय चालू असतात तिचे, पण त्या बघण्यानंतर जरा हळू चालतात. तिला स्वतःला कळत नसेल. मला ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवून उभं राहून कळलंय. आणि आता त्या घड्याळाखाली माझी पोर आडवी होणार, एका निळ्या पट्ट्याच्या भरवशावर.

बोर्डाची ऑर्डर ज्यानं दिली तो आकडेवाला साहेब दुसऱ्या मजल्यावर बसतो. तरुण माणूस, चष्मा कपाळावर चढवून हिंडतो आणि सगळीकडे चष्मा शोधतो. मी त्याच्या खोलीत रिकामी ट्रॉली घेऊनच गेलो. रिकाम्या हातानं मला कुणासमोर उभं राहता येत नाही. म्हटलं, ‘साहेब, त्या तीनात कोण कोण धरलंय?’ तो खूश झाला. इतक्या वर्षांत त्याला कुणी विचारलं नसेल. ‘वा, काका! हाच खरा प्रश्न. बसा.’ मी बसलो नाही. तो सांगायला लागला. प्रत्येक देशाची मोजायची तऱ्हा वेगळी. कुठं एक श्वास घेतला तरी जिवंत धरतात. कुठं अमुक वजनाखालचं धरतच नाहीत. कुठं पहिला दिवस काढला तर धरतात. ‘त्यामुळं कसं होतं काका, जो नीट मोजतो त्याचा पट्टा लांब दिसतो. दोन देश शेजारी शेजारी ठेवायचे तर फार जपून ठेवावे लागतात.’ मी म्हटलं, ‘मग ठेवले कसे?’ तो म्हणाला, ‘तळटीप होती ना! सगळं लिहिलं होतं मी तळटिपेत. पेंटर म्हणाला, एवढ्या बारीक अक्षराला जागा पुरत नाही.’ मग त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि माझ्याकडे नीट बघितलं. ‘का हो? तुम्हाला काही माहीत आहे का?’ ट्रॉलीचं पुढचं डावं चाक जरा कुरकुरतं. ते तेव्हा कुरकुरलं. मी हलवलं असेल. ‘मला काय माहीत असणार साहेब,’ मी म्हटलं, ‘मी ढकलणारा माणूस.’ आणि बाहेर आलो. तो मागून म्हणाला, ‘तेल घाला त्याला.’

आता जे सांगतो ते मी एकतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आमचं पहिलं. आमच्या घरात त्याबद्दल एकच वाक्य आहे आणि ते माझी बायको बोलते, तेही कुणी विचारलं तर. ‘पहिलं आलंच नाही.’ बस. विचारणारा गप्प होतो. ते आलं होतं. साडेसहा महिन्यांचं, तळहातापेक्षा जरा मोठं, दुपारी तीनला. बायकोला गुंगी दिलेली, तिला काही पत्ता नव्हता. माझी ड्यूटीच होती त्या वॉर्डात. मोठी सिस्टर बाहेर आली, माझा दंड धरला, म्हणाली, ‘बाळा, हे नाही राहायचं. नशीब समज तिनं बघितलं नाही. तिला सांग, आलंच नाही. एकदाच रडेल. नाहीतर दोनदा रडावं लागतं.’ मला ते पटलं. आजही अर्धं पटतं, तीच तर पंचाईत आहे. सिस्टरनं करड्या वहीची ओळ त्या दिवशी आठची वाट न बघताच लिहून टाकली, माझं काम लवकर सुटावं म्हणून. प्रेमानं. आणि हिरवं कापड माझ्या हातात दिलं. ट्रॉली मी नेली नाही. लिफ्टमध्ये शिरलो, तळघराचं बटण दाबायला बोट नेलं, आणि कापड हललं. मी परत वॉर्डात गेलो. सिस्टर म्हणाली, ‘अरे, ते नुसतं हलतं. थांबेल थोड्या वेळात. वही लिहून झाली आता.’ वही लिहून झाली आता. मी परत लिफ्टमध्ये. तळघराचं बटण काही दाबवेना. तिथं थंडी असते. मी चौथा दाबला. चौथ्यावरून पहिला. पहिल्यावरून चौथा. मधे कुणी शिरलं तर पाठ करून उभा राहायचो. सात वेळा वर-खाली झालं. नंतर मोजायचं कारण उरलं नाही. मग तळघर दाबलं. बायकोला शुद्ध आली तेव्हा मी तिच्या उशाशी होतो. म्हटलं, ‘आलंच नाही.’ तिनं भिंतीकडे तोंड केलं. काही विचारलं नाही. काहीच नाही.

डॉक्टर आणून उभे केले असते तर जगलं असतं का? ठाऊक नाही. बहुतेक नसतं. पण ‘बहुतेक’ हा शब्द मी एकतीस वर्षं तोंडात घोळवतोय, आणि तो विरघळत नाही.

दुपारी घरी आलो तर घरात सण असल्यासारखं. बायको मशीनवर बसून हॉस्पिटलचे गाऊन शिवते, तिचं मशीन बंद होतं, म्हणजे बघा. लेकीनं तिला सांगून टाकलं होतं. ‘ऐकलंत का,’ बायको म्हणाली, ‘नाही जात ती. मी म्हणत होते ना, आकडेच बोलतात! आपलं हॉस्पिटल ते आपलं हॉस्पिटल. आणि तुम्ही आहात की तिथं, सगळे ओळखीचे.’ ओळखीचे. मी हात धुतले. परत धुतले. लेक म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला आनंद नाही झाला?’ ‘झाला की.’ ‘मग तोंड असं का, उसाचं चिपाड?’ तेवढ्यात जावयाचा फोन. लेकीनं तो टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. मागं वारा, लोखंडाचे आवाज. उंचावरून बोलत होता. लेकीनं त्याला बोर्ड सांगितला, सात आणि तीन. तो म्हणाला, ‘असेल बाबा सात. मला आकड्यातलं कळत नाही. पण इथं माझ्या जोडीदाराचं बाळ वीस मिनिटं होतं. वीस मिनिटं. त्याचं नाव लावून जन्माचा कागद दिला, मग मृत्यूचा दिला. आणि महिन्यानं दोन बाया घरी आल्या, सगळं विचारून गेल्या, कोण कधी आलं, कुणी काय केलं. आम्ही हसलो होतो, वीस मिनिटांसाठी एवढा खटाटोप. नंतर त्या वॉर्डात म्हणे दोन माणसं वाढवली.’ मग म्हणाला, ‘तुझी मर्जी. बाबांना विचार. त्यांना आतलं माहीत. बाबा, तुम्ही सांगाल तसं.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. फोनसुद्धा. मला खरंच असं वाटलं की वीस मिनिटं जगलेलं ते कुणाचं तरी पोर त्या फोनच्या काचेतून माझ्याकडे बघतंय आणि म्हणतंय, मी मोजलो गेलो, तुझं कुठंय? सांगितलं तर बायको जाते हातची. नाही सांगितलं तर पोर. आणि सांगून पोर गेली तिकडे आणि तिकडेच काही झालं तर? तिकडे चांगलं आणि इकडे वाईट, असं कुठं माहीत होतं मला? मला एवढंच माहीत होतं की तो तीन खोटा आहे. खरा किती, ते मलाही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. ज्यांना माहीत असायला हवं त्या सगळ्यांनी एकेक ओळ लिहून चहा प्यायलाय.

मी म्हटलं, ‘तो तीन धरू नकोस.’ आवाज माझा नव्हता. मग सांगितली वही. निळी, करडी, आठ वाजता. घड्याळाकडे बघणं सांगितलं. लेक म्हणाली, ‘बाबा, तुम्ही ऐकीव सांगताय.’ ‘नाही.’ ‘मग कसं माहीत?’ जावई फोनवर, ‘किती आहे मग खरा आकडा, बाबा?’ मी म्हटलं, ‘मला एकच माहीत आहे.’ ‘एक काय? हजारी एक?’ ‘नाही रे. एक. आपलं पहिलं. ते आलं होतं.’

फोनमधला वारा तेवढा ऐकू येत होता, मग जावयानं हळूच ‘नंतर करतो’ म्हटलं. बायकोच्या हातात एक गाऊन होता, बाही लावायची राहिलेली. ती ती बाही उलटी सुलटी करून बघत राहिली, जशी कोणती बाजू बाहेरची ते तिला कळेना. मी वाट बघत होतो. ओरडेल, गाऊन तोंडावर फेकेल, निदान रडेल. मग तिनं विचारलं, ‘मुलगा की मुलगी?’

एकतीस वर्षं. मी तिला तेसुद्धा सांगितलं नव्हतं. आणि तिनं विचारलं नव्हतं, कारण जे आलंच नाही त्याचं काय विचारणार.

‘मुलगी,’ मी म्हटलं.

‘बरं,’ ती म्हणाली. बाही गाऊनला लावली, टाचणी टोचली. लेकीला म्हणाली, ‘बॅग भर. शुक्रवारी जायचंय.’ त्या दिवशी ती माझ्याशी एवढंच बोलली, जेवायला वाढलंय. दुपारभर, संध्याकाळभर मशीन चालू. एरवी चालतं त्यापेक्षा जोरात. मला प्रत्येक टाका अंगावर घेतल्यासारखा वाटत होता, पण बंद पडेल याची त्याहून भीती वाटत होती. रात्री ते थांबलं तेव्हा अंधारात मी तिला लिफ्टचंही सांगून टाकलं, सातही फेऱ्या.

गुरुवारी सकाळी तिघंही हॉस्पिटलात. विमानात बसायचं तर डॉक्टरचा दाखला लागतो, त्याचा फॉर्म भरायचा होता. खिडकीतली बाई नव्या दमाची, बोटं कम्प्युटरवर तयार. लेकीचं सगळं झालं, मग म्हणाली, ‘आता हिच्या आईची हिस्टरी. किती बाळंतपणं?’ बायको पुढं झाली. ‘दोन.’ ‘जिवंत जन्मलेली?’ मी बाजूला उभा, हात कुठं ठेवू कळेना, ट्रॉली नव्हती. ‘दोन,’ बायको म्हणाली. बाईनं पडद्यावर बघितलं. ‘तुमचं इथंच झालंय ना? रेकॉर्डला एकच दिसतंय.’ ‘मग रेकॉर्डला कमी दिसतंय,’ बायको म्हणाली. ‘चष्मा लावा त्याला. तुम्ही दोन लिहा.’ बाई माझ्याकडे बघायला लागली. हॉस्पिटलचाच माणूस ना मी, गणवेशातला. एका मानेच्या हलण्याचं काम होतं. तेवढी मान हलवायला मला जो जोर लागला तो ऑक्सिजनची वीस नळकांडी ढकलायला लागला नव्हता. बाईनं लिहिलं. दोन. टक्, एवढासा आवाज आला.

लेक दाखल्यावर सही घ्यायला आत गेली. बायको म्हणाली, ‘कुठली लिफ्ट?’ मी म्हटलं, ‘जाऊ दे ना आता.’ ‘कुठली?’ मागची, सामानाची, अजून तीच आहे, फक्त दार बदललंय. मी पुढं, ती मागं. पॅसेज संपेचना. आत शिरलो, दार बंद झालं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, बटणांकडे बघितलं. ‘दाबा.’ मी चौथा दाबला. मग पहिला. मग चौथा. ती कोपऱ्यात उभी होती, पर्स छातीशी धरून, आणि मी मागच्या पत्र्याला टेकलो. प्रत्येक वेळी दार उघडायचं, बाहेर लोक, उजेड, औषधाचा वास, आणि दार लागायचं. ती मोजत होती. ओठ हलत होते तिचे. पाच. सहा. मला वाटलं, सातव्याला काहीतरी होणार. हे दोर तुटणार, किंवा ती माझ्याकडे वळणार आणि जे बोलायचं राहिलंय ते बोलणार. सातव्यांदा पहिल्यावर येऊन दार उघडलं. तिनं ते बंद होऊ दिलं.

‘पोर वर जाताना थांबली की खाली येताना?’ तिनं विचारलं.

तोंडात आलं होतं, वर जाताना. किती सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं, ती एकदाच रडली असती. मोठ्या सिस्टरचा हात मला दंडावर लागला, अगदी तसाच, ऊबदार. मी घाबरलो, आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो तसा.

‘माहीत नाही,’ मी म्हटलं. ‘खरंच लक्षात नाही गं.’

तिनं छातीशी धरलेली पर्स खांद्याला अडकवली.

‘मग तेवढं कोरं राहू दे,’ ती म्हणाली, आणि दाराचं बटण तिनं स्वतः दाबलं.